विजेच्या बिलामागच्या प्रश्नचिन्हाबद्दल

फोंडा, गोवा

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपण वाचून तपासलेला माझा पॅच, म्हणजे लिनक्सच्या कोडमधला बदल, स्वीकारला गेल्याचे कळवायला मी दूरध्वनी केला तेव्हा आभाराचे दोन शब्द तोंडातून पुरते निघायच्या आतच आपण "पुरे झाले, आता सस्पेंडचे बघा" म्हणून, म्हणजे सर्किट बोर्ड झोपवण्या-उठवण्याच्या पुढच्या कामावर बोट ठेवून, विषय संपवलात. तो विषय माझ्या मनात अजून संपलेला नाही, आणि जे समोर बोलू दिले गेले नाही ते निदान लेखी तरी सांगावे म्हणून हे उघड पत्र लिहीत आहे. तुमची-माझी ओळख ती केवढी! बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात प्रात्यक्षिक परीक्षेला आपण बाहेरून परीक्षक म्हणून आला होता आणि माझे सर्किट चालत नसतानाही ते का चालत नाही हे मी नीट सांगितले म्हणून मला गुण दिले होते. त्या तुटपुंज्या ओळखीच्या भरवशावर मी निवृत्त माणसाला डिचोलीला शेकडो ओळींचा कोड वाचायला पाठवला, याची आता थोडी लाजही वाटते.

मूळ काम सांगण्यासारखे देखणे नव्हते. आमच्या बोर्डावरच्या नेटवर्क चिपचा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा कोड, जुना होता. कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, रीसेट (चिप मूळ स्थितीला आणणे) हाताळण्याची सामाईक चौकट 2013 साली आली. आमच्या ड्रायव्हरचा मोठा भाग त्यापूर्वीच्या सवयींनी लिहिलेला, म्हणजे रीसेटच्या रजिस्टरचा (चिपमधल्या छोट्या कप्प्याचा) पत्ता थेट कोडमध्ये लिहून तिथला बिट स्वतःच्या हाताने खालीवर करणारा होता. शिवाय चिपची पुढची आवृत्ती आली की कोणीतरी तोच तुकडा उचलून थोडा बदलून खाली चिकटवी. अशा पाच नकला झाल्या होत्या, आणि एकीत केलेली दुरुस्ती उरलेल्या चारांपर्यंत कधीच पोहोचत नसे. क्लॉक, म्हणजे चिपला ताल देणारा संकेत, चालू करणे आणि रीसेट सोडणे हा सगळा व्यवहार एका फंक्शनमध्ये आणावा आणि बंद करण्याची जबाबदारी कर्नेलच्या 'डेव्हएम' व्यवस्थेवर सोपवावी, एवढाच माझा मानस होता. घेतलेली साधने उलट्या क्रमाने आपोआप परत करणारी ही व्यवस्था 2007 पासून कर्नेलमध्ये आहे. माझ्या बदलाने शंभरावर ओळी कमी झाल्या होत्या आणि मी स्वतःवर खूश होतो.

आपल्याआधी हा बदल तिघांनी 'पाहिला' होता, हे आपल्याला ठाऊक नसावे. पहिल्यांनी चार मिनिटांत "उत्तम" असे कळवले. एवढ्या वेळात ती फाइल उघडून शेवटच्या ओळीपर्यंत जाणेही कठीण. दुसऱ्यांनी चलांच्या नावांतील अधोरेषांवर सविस्तर मतप्रदर्शन केले आणि कोड काय करतो याविषयी अक्षर काढले नाही. तिसरे तर हुद्द्याने मोठे. त्यांनी "चालते आहे ना, मग हात लावायची खाज कशाला?" असे सर्वांदेखत विचारले. पुढे मॉड्यूल, म्हणजे हाच ड्रायव्हर, कर्नेलमधून काढताना बोर्ड मधूनच गोठू लागला, तेव्हा पहिले दोघे कामात होते आणि तिसऱ्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते. तीसेक वेळा मॉड्यूल काढले-घातले की एकदा बोर्ड गोठे; सीरियल कन्सोलवर ओळ अर्धवट छापलेली, पुढे काहीही नाही, एखादी चूक दाखवणारी ओळसुद्धा नाही. मी तीन पॉवर ॲडॉप्टर बदलले. केबल बदलली. पावसाळ्यातल्या दमट हवेलाही दोष देऊन झाला.

आणि मग एका सकाळी आपले छायाचित्र आले. आपले म्हणजे आपल्या कागदाचे. विजेच्या बिलाची पाठ, त्यावर निळ्या बॉलपेनने दोन रकाने. डावीकडे प्रोबचा, म्हणजे ड्रायव्हर चिप सुरू करतो तेव्हाचा, क्रम: इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला मारायची हाक), क्लॉक, रीसेट, नेटवर्क डिव्हाइसची नोंदणी. उजवीकडे मॉड्यूल काढताना डेव्हएमच्या हिशेबाने काय कोणत्या क्रमाने सुटेल त्याची यादी. मधे बाण. क्लॉक बंद होते त्या ओळीखाली इंटरप्ट अजून जिवंत असलेला दिसत होता, आणि त्या दोहोंमधल्या मोकळ्या जागेत आपण एक छोटे प्रश्नचिन्ह काढले होते. त्याच्या खाली एकच ओळ: "मूर्ती मखरात असताना माटोळी कोण सोडते?"

ज्यांच्या घरी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आहे त्यांना याहून अधिक समजावावे लागत नाही. माटोळी, म्हणजे मूर्तीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, आधी बांधतात, तिच्याखाली मूर्ती बसते. विसर्जनाला आधी मूर्ती उठते आणि मग माटोळी उतरवतात. मी नेमके उलटे केले होते. 'सोप्या' गोष्टी वर घ्याव्यात म्हणून मी इंटरप्टची मागणी प्रोबच्या सुरुवातीला नेली आणि क्लॉक-रीसेटचे ते नवे देखणे फंक्शन तिच्यानंतर बोलावले. जुन्या कुरूप कोडमध्ये इंटरप्ट हाताने सर्वांत आधी सोडला जात होता, त्यामुळे तिथे हा घोळ नव्हता. माझ्या कोडमध्ये उलट्या क्रमाच्या नियमानुसार आधी रीसेट ओढला जाई, मग क्लॉक थांबे, आणि इंटरप्ट त्यानंतर सुटे. आमची इंटरप्टची तार दुसऱ्या एका उपकरणाबरोबर सामाईक आहे. त्या उपकरणाने नेमक्या त्या फटीत तार हलवली की आमचा हँडलर (त्या हाकेला ओ देणारा कोड) उठायचा, चिपचे स्थितिदर्शक रजिस्टर वाचायला जायचा, आणि ज्या भागाचे क्लॉकच थांबले आहे तो भाग उत्तर देत नसल्यामुळे आमच्या चिपवर बस (प्रोसेसर आणि बाकीच्या भागांमधला डेटाचा रस्ता) तिथेच अडकून पडायची. प्रोसेसर त्या एका वाचनाची वाट पाहत उभा. मग कन्सोलवर ओळ पूर्ण करणार कोण?

दुसऱ्या संदेशात आपण कर्नेलचा सामाईक इंटरप्ट तपासणारा डीबग पर्याय चालू करायला सांगितलेत. सामाईक इंटरप्ट सोडताना तो पर्याय मुद्दाम एकदा हँडलरला खोटी हाक मारतो, ड्रायव्हर त्या क्षणाला तयार आहे की नाही हे पाहण्यासाठी. तो चालू केला आणि तीसांत एकदा गोठणारा बोर्ड पहिल्याच फटक्यात गोठला. इतक्या आनंदाने मी आजवर कोणताही बोर्ड बंद पडताना पाहिलेला नाही. आई स्वयंपाकघरातून बघायला आली, की हा एकटाच टाळ्या का वाजवतो आहे.

परंतु हे पत्र मी त्या शोधासाठी लिहीत नाही. चूक शोधणारी माणसे आमच्या क्षेत्रात पुष्कळ आहेत. किंबहुना काहींना दुसरा छंदच नसतो. मला अजून सुटत नाही ते ते प्रश्नचिन्ह. तिथे आपण फुली मारू शकला असता. चूक निःसंशय होती, आपल्याला ती निःसंशय दिसलेली होती, आणि माझ्यासारख्याला ती डिचोलीहून फोंड्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगण्याचा अधिकार आपल्याला वयानेही होता आणि अनुभवानेही. तरीही आपण फुलीऐवजी प्रश्न ठेवलात, आणि उत्तर शोधण्याची संधी माझ्याकडेच राहू दिलीत. परीक्षेच्या टेबलापाशीही आपण असेच केले होते, हे मला नंतर आठवले: मल्टीमीटरचा प्रोब माझ्या हातातून न घेता फक्त "जमीन कुठे जोडली आहे?" एवढे विचारले होते. दुसऱ्याचा कोड वाचणे हे कंटाळवाणे आणि श्रेय न देणारे काम आहे, कारण लिहिणाऱ्याचे नाव वर राहते आणि वाचणाऱ्याचे एका ओळीत तळाशी जाते. म्हणून बहुतेक जण ते वाचल्यासारखे करतात. कोणी खरोखर वाचतो तेव्हा तो समोरच्याचे कष्ट गृहीत धरून वाचतो, हा सभ्यपणा मला तरी बुद्धिमत्तेपेक्षा दुर्मीळ वाटतो. जे सर्वांदेखत खाज काढतात त्यांनाही पुष्कळ येत असते. येण्याचा प्रश्न नसतोच.

बाकीच्या सूचनांविषयी थोडक्यात. कोड हलवणे आणि कोडचे वागणे बदलणे हे एकाच पॅचमध्ये करू नये, हे मी आता भिंतीवर लिहिले आहे. क्लॉक 'नाही' आणि क्लॉक 'अजून आलेले नाही' यांतला फरकही आपणच दाखवलात; माझे फंक्शन उणे 517 (म्हणजे 'अजून आलेले नाही, नंतर पाहा') हे उत्तरही 'नाही' समजून पुढे जात होते, आणि म्हणून क्लॉकचा ड्रायव्हर उशिरा आला त्या दिवशी नेटवर्क उठत नसे. नेटवर्किंग विभागाच्या नियमावलीत अशा आपोआप आवरणाऱ्या सोयींविषयी, डेव्हएमसकट, साशंकता स्पष्ट नोंदवलेली आहे, हे आपण निदर्शनास आणेपर्यंत मी ती नियमावली चाळलीदेखील नव्हती. शेवटी इंटरप्टची मागणी क्लॉक-रीसेटच्या खाली आली, पाच नकलांची एक झाली, आणि कमी झालेल्या ओळींपैकी सातेक परत आल्या. त्या सात ओळी त्या फाइलमधल्या सर्वांत चांगल्या ओळी आहेत.

आपले 'रिव्ह्यूड-बाय', म्हणजे वाचून पसंत केल्याची नोंद, तिसऱ्या आवृत्तीवर आले, पहिल्या दोहोंवर नाही, याचाही मला अभिमान वाटतो. चार मिनिटांत मिळालेल्या त्या 'उत्तम'पेक्षा तीन आठवड्यांनी मिळालेली ती ओळ मी जास्त वेळा उघडून पाहिली.

आपण सांगितल्याप्रमाणे सस्पेंडचे काम हाती घेतले आहे. बोर्ड झोपतो व्यवस्थित. उठताना मात्र चिपच्या डीएमएचा (मेमरीत परस्पर डेटा नेणाऱ्या-आणणाऱ्या भागाचा) रीसेट कधी कधी पुरा होत नाही. पीएचवायकडून, म्हणजे केबलशी थेट बोलणाऱ्या भागाकडून, येणारे क्लॉक तोवर सुरू झालेले नसावे असा मला संशय आहे, कारण ते आल्याशिवाय तो रीसेटचा बिट खाली येत नाही. गिगाबिटला 125 मेगाहर्ट्‌झ दिसायला हवे तिथे ऑसिलोस्कोपवर सपाट रेघ आहे, पण ती प्रत्येक वेळी नसते. मी क्रम कागदावर मांडून पाहिला आहे, दोन रकाने करून, आणि एका जागी प्रश्नचिन्हही काढले आहे. ते योग्य जागी आहे की नाही, ते आपण पाहावे. चवथीची दीड दिवसांची गडबड आटोपली की डिचोलीला येतो. बोर्ड, प्रोब आणि घरच्या नेवऱ्या सोबत आणीन. येताना आपले ते वीजबिल मला द्यावे, अशी विनंती आहे. भरले नसेल तर भरूनच नेईन.

आपला ऋणी,
फोंड्याचा आपला एक परीक्षार्थी