एकाच मळ्याची तीन वर्षं

प्रिय मित्रा,

एका छोट्या उत्पादकाची बारोलो, म्हणजे इटलीतली रेड वाईन, तीन वेगवेगळ्या वर्षांची, एकापाठोपाठ एक चाखली आणि तुला लिहिल्याशिवाय राहवेना. मळा तोच, मोठाली लाकडी पिंपं तीच, करणारे हातही तेच. बदललं फक्त हवामान. मोठ्या कंपनीला एका मळ्यातली कसर दुसऱ्या मळ्यातून भरून काढता येते. याच्याकडे दुसरी जमीन नाही, आणि बारोलोत नेब्बिओलोखेरीज दुसरं द्राक्ष चालतच नाही. त्यामुळे पावसापाण्याने जे केलं, ते थेट बाटलीत उतरतं.

२००३ आधी उघडली. त्या उन्हाळ्यात युरोप भाजून निघाला होता. अशा वर्षी द्राक्षात साखर झपाट्याने चढते, पण साली आणि बियांमधलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, त्या वेगाने पिकत नाही. ते जाणवलंच: वास सुकवलेल्या फळांचा, घोट उष्ण, आणि शेवटी हिरड्यांवर कोरडा तुरटपणा. फळ ओसरलंय, तुरटपणा तेवढा मागे राहिलाय.

२०१० याच्या अगदी उलट. थंड, संथ वर्ष, तोडणी ऑक्टोबरपर्यंत लांबलेली. आंबटपणा ताठ, टॅनिन भरपूर पण बारीक विणीचं. वाईन भारी आहे यात शंका नाही, पण अजून मिटलेली आहे, पुरती खुललेली नाही.

आणि २०१४! पावसाळी उन्हाळा, काही भागांत गारपीट. समीक्षकांनी बारोलोचं हे वर्ष फारसं उचलून धरलं नाही. पण सप्टेंबरात ऊन पडलं, आणि ज्यांनी खराब घड निर्दयपणे काढून टाकले त्यांचं थोडकं पीक नीट पिकलं. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला, तर मधे माणकासारखा लाल आणि कडेला विटकरी रंग. आधी गुलाब, मग हळूहळू डांबराचा वास. अंगाने हलकी, पण घोट गिळल्यावरही चव कितीतरी वेळ रेंगाळते. त्या संध्याकाळी मी पुन्हा पुन्हा हीच ओतून घेतली.

माझं ठाम मत झालंय: छोट्या उत्पादकाकडून घेताना वर्षांचे गुणतक्ते बाजूला ठेव आणि मळ्यात कोण राबतंय ते बघ. चांगल्या वर्षी बहुतेकांची वाईन चांगली होते. माणसाचा कस लागतो तो २०१४ सारख्या वर्षी.

तुला २०१४ मिळाली तर सोडू नकोस, आताच पी. २०१० असेल तर अजून काही वर्षं हात लावू नकोस. जुनी बाटली उघडायच्या आदल्या दिवशी उभी करून ठेव, म्हणजे गाळ तळाशी बसेल. ओतताना बाटलीच्या मानेखाली दिवा धर. गाळाची रेघ मानेपाशी आली की थांब.

कोणती उघडलीस आणि कशी लागली, ते सविस्तर कळव.

तुझाच,
मित्र