देवनारचे आकडे गावात कधी येणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

११ जुलैच्या लोकसंख्या दिनानिमित्त आपल्या दैनिकात ‘लोकसंख्येचा स्फोट’ या विषयावर अख्खे पान आले, त्यावर लिहिते आहे. दोन अपत्यांचा कायदा आणखी कडक करा, सवलती काढून घ्या, असा त्या पानाचा एकूण सूर होता. माझी सगळी नोकरी सातारा जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर आरोग्य सेविका म्हणून झाली. म्हणून विचारते, हा स्फोट आमच्याकडे नेमका कुठे झाला? २००१ साली सातारा जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाख ८ हजारांच्या पुढे होती, २०११ ला ती ३० लाख ३ हजार भरली. दहा वर्षांत सात टक्केसुद्धा वाढ नाही. सांगलीची नऊ टक्क्यांच्या थोडी वर, आणि त्याच दहा वर्षांत राज्याची जवळजवळ सोळा. पाटण-जावळीकडच्या वाड्यांवर एकदा जाऊन या. शाळेचा पट टिकवायला गुरुजी घरोघर मुले शोधत फिरतात.

मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. भारत सरकार, संयुक्त राष्ट्रे आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांनी मिळून १९५६ मध्ये ती काढली. लोकसंख्येचा अभ्यास आणि त्याचे शिक्षण हेच तिचे काम. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच करते. १९९२-९३ च्या पहिल्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या एका बाईला सरासरी २.९ मुले होत होती. २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात हाच आकडा १.७ वर आला. लोकसंख्या आहे तेवढी राहायला साधारण २.१ लागतात. म्हणजे आता कडक कायदा मागणे हे वरातीमागून घोडे झाले. आणि हे सगळे आकडे उघड आहेत, त्यासाठी माहितीचा अधिकार टाकावा लागत नाही. तरी आपल्या पानावर त्यातला एकही नव्हता.

पण दोष एकट्या वर्तमानपत्राला देऊन भागणार नाही. सर्वेक्षणाच्या मुली गावात येतात, त्यांच्यासाठी घरातली बाई चुलीवरचे काम टाकून बसते. किती बाळंतपणे झाली, किती मुले जगली, सध्या कोणते साधन वापरता, ऑपरेशनआधी त्याचा काही त्रास होऊ शकतो हे कुणी सांगितले होते का, असे एकेक प्रश्न टॅबवर बघून विचारले जातात. बोटाला सुई टोचून रक्त घेतात, वजन-उंची घेतात. शेजारी सासू बसलेली असेल तर उत्तरे कशी बदलतात, हे आम्हा सेविकांना सांगायला नको. पाचव्या फेरीत देशभरात सव्वासात लाखांच्या आसपास बायकांनी अशी उत्तरे दिली. पुरुष होते लाखभर. (पुरुषांची मुलाखत निवडक घरांतच घेतात. मुले काय एकट्या बायकांनाच होतात का, हा प्रश्न मात्र माझ्या मनातून जात नाही.) चौथ्या फेरीपासून जिल्ह्याजिल्ह्याचे वेगळे आकडे निघतात, सातारचे आहेत, सांगलीचेही आहेत. चार-सहा पानांचे पत्रक असते, आणि ते इंग्रजीत. ज्या बाईने दुपार घालवून उत्तरे दिली, तिच्यापर्यंत त्यातले काय पोचले? ग्रामसभेत ते पत्रक मराठीत वाचून दाखवलेले मी तरी कधी पाहिले नाही.

पोचले असते तर लोकांचे लक्ष वेगळ्याच आकड्याकडे गेले असते. पाचव्या सर्वेक्षणाप्रमाणे महाराष्ट्रात लग्न झालेल्या, मुले होण्याच्या वयातल्या शंभर बायकांपैकी ४९ जणींचे कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन झालेले आहे. आणि नसबंदी केलेले नवरे? ०.४ टक्के. शंभरात अर्धा माणूससुद्धा नाही!

हे असे का, ते मी अंगणात उभी राहून ऐकले आहे. एका घरी नवरा नसबंदीला तयार झाला होता, उद्या शिबिराला येतो म्हणाला. त्याची आई आतून बाहेर आली. म्हणाली, “बाई, त्याला पोती उचलायचीत, उसाला पाणी धरायचंय. त्याला कापून कसं चालंल? सुनंलाच करा.” सून तिथेच उभी होती, कडेवर तीन महिन्यांचे बाळ. तिला काय उचलायचे होते ते कुणी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी जीपमध्ये सूनच बसली. बाईच्या ऑपरेशनला पोटात शिरावे लागते, मग ते टाक्याचे असो की दुर्बिणीचे. आदल्या रात्रीपासून उपाशी, सातव्या दिवशी टाके काढायचे, तोवर घरातले पाणी कोण भरणार हा घोर. पुरुषाची नसबंदी जागा बधिर करून, बिनटाक्याची होते. दहा-पंधरा मिनिटांचे काम, माणूस चालत घरी जातो. पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग तपासणी करून खात्री करून घ्यायची, एवढेच पथ्य. ताकद जात नाही, संबंधांत फरक पडत नाही. हे मी किती पारांवर सांगितले असेल! माणसे माना डोलवायची आणि घरी जाऊन बायकोचे नाव द्यायची.

पुरुष पूर्वीपासूनच असे होते, असेही नाही. १९६३ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतल्या कुमुदिनी दांडेकर यांनी महाराष्ट्रातल्या पुरुष नसबंदी शिबिरांवर संशोधन प्रसिद्ध केले होते, म्हणजे अभ्यास करण्याइतकी ती शिबिरे त्या काळी होत होती. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर ऑपरेशने झाली, त्यात बहुतेक पुरुषच होते, आणि कितीतरी धाकाने आणलेले. आपल्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीचे विधेयकसुद्धा मंजूर केले होते. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते राहिले. तेव्हा पुरुष जो बिथरला तो बिथरला, सगळा भार बाईवर आला. नंतर आम्हा सेविकांना ऑपरेशनांचे टार्गेट होते, मार्चएंडला केसेस कमी पडल्या की पगार अडकायचा. ते टार्गेट एप्रिल १९९६ मध्ये सरकारने कागदावर तरी रद्द केले. सक्तीची मागणी करणाऱ्यांनी हा इतिहास आधी वाचावा.

आणि सक्ती केली तर ती कुणावर उलटते? २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेने २८५ मुलींची ‘नकुशा’, म्हणजे नकोशी, ही नावे बदलली. २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यात म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ सापडले. जिथे ‘दोनांत एक तरी मुलगा हवाच’ हा हट्ट आहे, तिथे दोनाची सक्ती सोनोग्राफीच्या खोलीकडे नेते. ग्रामपंचायतीला उभे राहायचे तर सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य नको, ही अट आपल्याकडे आहेच. अर्ज छाननीच्या दिवशी गावोगाव काय चालते ते आपल्या वार्ताहरांना ठाऊक असेल.

समजावण्याचे मार्ग आपल्याच जिल्ह्याने काढलेले आहेत. २००७ मध्ये जिल्हा परिषदेने नव्या जोडप्यांसाठी योजना आणली. पहिले मूल दोन वर्षे लांबवले तर पाच हजार, तीन वर्षे लांबवले तर साडेसात हजार. लोक तिला ‘हनिमून पॅकेज’ म्हणून हसले. पण त्या निमित्ताने नवी सून आणि तिचा नवरा साधनांबद्दल एकत्र ऐकायला बसले, हे काही थोडके नव्हते. आज तर तांबी, निरोध आणि माला-एनच्या गोळ्या यांच्या जोडीला तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन आहे, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्याला एकदा घ्यायची छाया गोळी आहे, दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट. लग्नाच्या पहिल्या वर्षात पाळणा लांबवायला यातले काय घ्यावे हे विचारायला मुली अजूनही लपतछपत येतात. पात्र जोडप्यांच्या रजिस्टरमध्ये नाव दोघांचे असते, उपकेंद्राच्या पायरीवर मात्र नवरा दिसत नाही.

माझी मागणी साधी आहे. देवनारच्या संस्थेने जिल्ह्याचे पत्रक मराठीतही काढावे. जिल्हा परिषदेने ते मोठ्या टायपात छापून प्रत्येक ग्रामपंचायतीबाहेर लावावे आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत सरपंचांनी ते वाचावे. नसबंदीची ओळ गाळायची नाही, समोर पुरुष बसलेले असतानाच वाचायची. नोव्हेंबरअखेर पुरुष नसबंदी पंधरवडा असतो, त्याचा फलक दवाखान्यात लावून उपयोग नाही, तिथे बायकाच येतात. तो दूध डेअरीत आणि गावच्या विकास सोसायटीत लावावा. आणि आपणही पुढच्या लोकसंख्या दिनाची वाट न पाहता सातारा आणि सांगलीचे आकडे शेजारी शेजारी छापावेत, अर्धे पान पुरेल. इंग्रजी पत्रकाचे मराठी करायला माणूस नसेल तर मला कळवा, मी करून देईन.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
कोरेगाव, जि. सातारा