प्लास्टर रूममधल्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

कापसाच्या बंडीवरून पडलेली तीन वर्षांची पोरगी आठवते का? डावी मांडी मोडलेली, आणि सोबत "हळू रे बाप्पा, हळू" म्हणत तुम्हाला भंडावून सोडणारी तिची आजी. त्या पोरीचा मी बाप. परवा प्लास्टर निघालं तेव्हा तुमची ड्युटी नव्हती, म्हणून हे लिहितो.

तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी आमचे लई हाल झाले. पहिल्या दवाखान्यात लेकराला हात न लावताच "मोठ्या दवाखान्यात न्या" म्हणाले. पाय बांधायला एक फळी आणि चार पट्ट्या लागतात, तेवढंही कोणी केलं नाही. जीप खड्ड्यात आदळली की आत हाडाची टोकं हलायची आणि पोरगी किंचाळायची. दुसऱ्या ठिकाणी साहेबांनी एक्स-रे बघितला आणि थेट ऑपरेशनचा आकडा सांगितला. पोरीचं नाव त्यांनी विचारलंच नाही.

तुमच्या डॉक्टर मॅडमनी तोच एक्स-रे उजेडात धरला. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला बहुतेक वेळा प्लास्टरच पुरतं म्हणाल्या. मोठ्या पोरांच्या हाडात लवचिक सळ्या घालतात, हिला गरज नाही. हाडाची टोकं सेंटिमीटरभर एकमेकांवर चढलेली दिसत होती, मी घाबरलो. तर त्या म्हणाल्या, चालते. या वयात मोडलेलं हाड पुढं वर्षभर थोडं जास्तच वाढते, लांबी भरून निघते.

कागदपत्रांचं रामायण इथे नको.

मला सांगायचंय ते तुमच्या टॉवेलचं. छातीखालपासून पायापर्यंत प्लास्टर घालायचं होतं. मी दारात उभा. तुम्ही तुमच्याच पिशवीतून टॉवेल काढला, घडी घालून पोरीच्या पोटावर ठेवला आणि त्यावरून पट्ट्या गुंडाळल्या. प्लास्टर सुकू लागल्यावर तो अलगद ओढून काढला. आजीनं विचारलं, हे कायले? तुम्ही म्हणाले, "जेवल्यावर पोट फुगते का नाही माय? त्याले जागा लागन ना."

भाऊ, मोडलं होतं मांडीचं हाड, आणि तुम्हाला काळजी तिच्या पोटाची! त्या दिवसात आमच्या लेकराला भूक लागते हे ध्यानात ठेवणारे तुम्ही पहिले. पुढं महिनाभर ती आडवी पडून वरण-भात खात होती, तेव्हा रोज घरात तुमचं नाव निघालं. म्हणजे नाव नाही, "टॉवेलवाला भाऊ".

लंगोट प्लास्टरच्या आतल्या बाजूला छोटा, वरून मोठा, हे तुम्ही तिच्या आईला करून दाखवलं. प्लास्टरमध्ये दोन पायांमधे बसवलेल्या दांडीला धरून उचलायचं नाही, हे आजीकडून दोनदा वदवून घेतलं. बाहेर केवढी लाईन होती! पगार तर न सांगताही तेवढाच मिळाला असता. आमच्याकडे माणुसकीवर भाषणं ठोकणारे गावोगाव आहेत, पण हात प्लास्टरनं माखलेले असताना म्हातारीचे चार प्रश्न ऐकून घेणारा माणूस विरळा.

नाव विचारलं तर "नावाचं काय करता" म्हणून तुम्ही पुढच्या पेशंटकडे वळले. व्हरांड्यातल्या बोर्डावरही ते दिसलं नाही. तिथं उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यांची मात्र सगळी नावं आहेत.

पोरगी अजून लंगडते, काही दिवस तसं चालेल म्हणाल्या मॅडम. पळायला लागली की तिला घेऊन येतो. सोबत हुरडा आणतो, नाही म्हणू नका.

तुमचा,
टॉवेलवाल्या पोरीचा बाप