डायलिसिसच्या पाण्याचा रिपोर्ट भिंतीवर लावा

संपादक महोदय,
डायलिसिस सेंटर वाढवण्याबद्दलची आपली बातमी वाचली, सेंटर वाढायलाच हवीत, पण पाण्याबद्दल त्यात एक ओळ नाही. माझ्या वडिलांना मशीन लावून तासभर झाला की हुडहुडी भरायची, दात वाजायचे, दोन ब्लँकेटं पुरायची नाहीत, आणि सेंटरवाले आम्हाला सांगायचे एसी जास्त झालाय. डायलिसिसला एका वेळी साधारण १२० लिटर पाणी लागतं, आणि मशीनमध्ये ते पातळ पडद्याआडून रक्ताच्या शेजारून वाहतं. त्यातले बॅक्टेरिया मेले तरी काहींच्या बाहेरच्या आवरणाचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, मागे उरतात, उकळूनही जात नाहीत, आणि ते रक्तात उतरले की आपल्या पांढऱ्या पेशींवरचा टीएलआर-४ हा रिसेप्टर (जंतू ओळखणारं प्रथिन) ते ओळखतो (हे शोधणाऱ्या ब्रूस बॉयटलर यांना २०११ चं नोबेल मिळालं), शरीराला वाटतं जंतूंनी हल्ला केला, मग थंडीताप, कधी बीपीच कोसळतो. म्हणून 'जंतू नाहीत' एवढा रिपोर्ट पुरत नाही, एंडोटॉक्सिनची टेस्ट वेगळी असते. ती दर महिन्याला करून आकडा सेंटरमध्ये सगळ्यांना दिसेल असा लावायची सक्ती सरकारने करावी. आठवड्यातून तीनदा चार-चार तास पेशंट तिथे पडून असतो, त्याला तो वाचता आलाच पाहिजे.

– एक वाचक