टपाखालची शेगडी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अलीकडेच पिकअप गाडीच्या हौद्यावर टप बसवून लडाखला जाणाऱ्या तरुणांविषयीचा लेख वाचला. त्यांच्या जिद्दीचे मनापासून कौतुक वाटले. पण सोबतच्या छायाचित्रात बंद टपाखाली गॅसची शेगडी पेटलेली आणि तिच्या शेजारीच अंथरूण घातलेले पाहून पोटात गोळा आला. मी गेली १९ वर्षे अमेरिकेतील कोलोराडो राज्यात राहतो आणि त्यांपैकी ११ वर्षे एल्कच्या, म्हणजे आपल्या सांबराहून थोराड अशा हरणाच्या, शिकारीच्या हंगामात अशाच टपाखाली रात्री काढत आलो आहे. त्या अनुभवावरून काही सांगणे मला कर्तव्य वाटते, म्हणून हे पत्र.

शिकार म्हटले की आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आठवावा, हे योग्यच आहे. कोलोराडोत ती राज्य सरकारच्या परवान्याने आणि नेमून दिलेल्या हंगामातच करता येते, आणि १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या शिकाऱ्याला त्यासाठी रीतसर शिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. तिच्या इष्टानिष्टतेची चर्चा स्वतंत्रपणे व्हावी. माझे म्हणणे रात्रीच्या मुक्कामापुरते आहे.

या टपाला कोलोराडोत ‘टॉपर’ म्हणतात, कॅलिफोर्नियात ‘कॅम्पर शेल’. फायबरग्लासचे किंवा अॅल्युमिनियमचे हे कवच हौद्याच्या काठांवर क्लॅम्पने आवळून बसवतात, मध्ये फोमची पट्टी असते, दोन्ही बाजूंना सरकत्या खिडक्या आणि मागे वर उचलले जाणारे काचेचे दार असते. हौदा साधारण साडेपाच, साडेसहा किंवा आठ फूट लांबीचा असतो. त्यात चाकांच्या उंचवट्यांवर प्लायवूडची फळी टाकली की वर दोघांचे अंथरूण होते आणि खाली बंदुकीची पेटी, शिधा, दोर आणि मांस थंड ठेवण्याच्या पेट्या मावतात. शिकाऱ्यांना हा टप सोयीचा का वाटतो, हे तेथील जंगलात गेल्यावरच कळते. एल्कची बंदुकीची शिकार ऑक्टोबर-नोव्हेंबरात चालते, तेव्हा नऊ-दहा हजार फुटांवर बर्फ पडू लागलेला असतो. कायद्याने सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून शिकार करता येत असल्याने अंधारातच डोंगराच्या धारेवर पोहोचावे लागते. आणि जंगलातले रस्ते इतके अरुंद व खडबडीत असतात की मोठी कॅम्पर गाडी तेथवर नेताच येत नाही. राष्ट्रीय वनांत बहुतेक ठिकाणी एका जागी १४ दिवसांपर्यंत विनाशुल्क मुक्काम करता येतो. ओल्या बर्फात तंबू ठोकण्यापेक्षा फाळका उघडून आत सरपटत शिरणे किती सुखाचे असते, हे मी वेगळे सांगायला नको.

धोका दडलेला आहे तो याच सुखात. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये मी आणि माझे एक ज्येष्ठ स्नेही राज्याच्या उत्तरेकडील नॉर्थ पार्क भागात सुमारे नऊ हजार फुटांवर मुक्कामाला होतो. वारा आणि हिमवर्षाव यांमुळे आम्ही सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या आणि ओले बूट वाळवण्यासाठी प्रोपेनवर चालणारी छोटी शेगडी पेटवली. ती थोड्या वेळाने आपोआप विझली. आम्ही ती पुन्हा पेटवली, ती पुन्हा विझली. असे तीनदा झाले आणि शेगडीत बिघाड आहे असे समजून आम्ही चौथ्यांदाही पेटवली. वास्तविक अशा शेगड्यांत हवेतला प्राणवायू कमी झाला की ज्योत बंद करणारी योजना असते आणि सात हजार फुटांच्या वर विरळ हवेमुळे ती वारंवार कार्य करते. ज्या योजनेने आम्हाला तीनदा बजावले, तिलाच आम्ही बिघाड समजलो.

पहाटे जाग आली ती डोके फुटेल अशा वेदनेने आणि मळमळीने. मी मैदानी भागातून वर आलेला, तेव्हा उंची बाधली असे मनाशी म्हणून पुन्हा डोळे मिटले. तेवढ्यात माझे स्नेहीही डोके दुखत असल्याचे बोलले आणि मी ताडकन उठून बसलो. कारण त्यांचे सारे आयुष्य तेथून जवळच्या, आठ हजार फुटांवरच्या वाल्डेन गावात गेलेले; त्यांना नऊ हजार फुटांची उंची बाधण्याचे काही कारणच नव्हते. मागचे दार लाथ मारून उघडले आणि आम्ही दोघे बर्फात जाऊन बसलो. त्यांचे डोके दुखले नसते, तर मी झोपूनच राहिलो असतो, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

लडाखला जाणाऱ्यांनी या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बंद जागेत हवा अपुरी पडून गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याच्या विषबाधेची सुरुवात डोकेदुखी, चक्कर, मळमळ आणि अशक्तपणा यांनी होते आणि उंची बाधल्याची लक्षणेही नेमकी हीच असतात. लेह शहरच सुमारे साडेअकरा हजार फुटांवर आहे. तेथे पोहोचल्यावर पहिल्या रात्री डोके दुखणे लोक गृहीतच धरतात, त्यामुळे टपाखाली शेगडी लावून झोपलेल्याला आपण विषारी हवेत श्वास घेत आहोत, हे उमगणार कसे? आपल्या घरांतून स्वयंपाकाचा गॅस वासावरून ओळखण्याची सवय आहे, पण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक ओढीने चिकटतो. त्यात टपाखालची जागा ती केवढी! साडेसहा फुटी हौद्यावरच्या टपात दहा बाय दहाच्या खोलीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकी हवा असते. आगीशी संबंध नसलेल्या अशा अपघाती विषबाधेने एकट्या अमेरिकेत दरवर्षी ४०० हून अधिक माणसे दगावतात.

शेगडी न लावताही हा वायू आत येतो, हे त्याहून कमी लोकांना ठाऊक असते. गाडी धावत असताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरमधून निघालेला धूर मागच्या फटींतून आत खेचला जातो. सिएटलच्या डॉक्टरांनी १९९२ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात पिकअपच्या मागच्या भागात बसून प्रवास केलेल्या २० मुलांच्या विषबाधेची नोंद प्रसिद्ध केली होती. त्यांतील १७ मुले बंद टपाखाली आणि तीन ताडपत्रीखाली बसलेली होती; १५ बेशुद्ध झाली, एक दगावले आणि एकाच्या मेंदूला कायमची इजा झाली. हे वाचताना मला गावाकडचे टेम्पो आठवले, ज्यांच्यात जत्रेला किंवा लग्नाला जाताना मुलाबाळांना पाठीमागे बसवून वरून ताडपत्री बांधली जाते. डिझेलच्या इंजिनातून हा वायू पेट्रोलच्या मानाने कमी निघतो, हे खरे आहे. पण तेवढ्या भरवशावर मुलांना तेथे बसवू नये. बर्फात उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन उबेसाठी चालू ठेवणे तर फारच घातक, कारण सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले की धुराला आत शिरण्यावाचून वाट उरत नाही.

त्या पहाटेनंतर आम्ही टपात काहीही पेटवत नाही. स्वयंपाक फाळका खाली पाडून बाहेर, उघड्या हवेत होतो. झोपताना समोरासमोरच्या दोन खिडक्या दोन-दोन बोटे उघड्या राहतात, मग बाहेर कितीही थंडी असो. या फटींचा आणखी एक लाभ असा की, श्वासातली वाफ टपाच्या आतल्या अंगाला गोठून सकाळी अंथरुणावर गळत नाही. ऊब हवी ती जाड फोमच्या गादीने, उणे १८ अंशांपर्यंत चालणाऱ्या स्लीपिंग बॅगने आणि पायाशी ठेवलेल्या गरम पाण्याच्या बाटलीने मिळते. आजीने शिवलेली गोधडी मी आजही वरून घेतो. कोणाला यंत्राचीच ऊब हवी असेल, तर जिची ज्वलनाची हवा बाहेरून येते आणि धूर नळीने बाहेरच जातो, अशीच यंत्रणा बसवावी.

शिवाय उशाशी बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा सूचक, म्हणजे हा वायू हवेत वाढला की वाजणारे छोटे यंत्र, असतो. आकडा दाखवणारा सूचक घ्यावा, कारण अमेरिकेतील प्रमाणानुसार दहा लाख भागांत ४०० भाग वायू असेल तर तो १५ मिनिटांच्या आत वाजतो, परंतु ७० भागांना वाजण्यास एक तासापासून चार तासांपर्यंत लागू शकतात. मोकळ्या डोंगरात आकडा शून्यावरून हलला, तरी मी बाहेर पडतो. डोके दुखू लागले तर गोळी घेऊन पडून राहू नये. आधी सर्वांना उघड्या हवेत आणावे आणि मग प्राणवायू मिळेल अशा दवाखान्यात न्यावे.

आपण अशा सफरींची छायाचित्रे यापुढेही अवश्य छापावीत. मात्र त्यांत टपाखाली पेटलेली शेगडी दिसत असेल, तर छायाचित्राच्या खालीच, वाचकाची नजर जाईल अशा जागी, ती तेथे पेटवू नये एवढी ओळ द्यावी. ज्या तरुणांवर तो लेख होता, त्यांच्यापर्यंतही कृपया हे पत्र पोहोचवावे. त्यांची पुढची सफर उन्हाळ्यात असल्याचे लेखात म्हटले आहे.

आपला,
एक वाचक
फोर्ट कॉलिन्स, कोलोराडो