टर्बो वाचवणाऱ्या मेकॅनिकदादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

गाडी तुमच्याकडे आणली तेव्हा नवा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा भाग, घ्यायचाच, हे मी मनाशी धरून आलो होतो. चढावर गाडी ओढत नव्हती. ॲक्सिलरेटर दाबला की मागून काळा धूर आणि बॉनेटखालून 'फुस्स' असा आवाज. आधीच्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी०२९९ कोड आला आणि पाच मिनिटांत निकाल लागला: टर्बो गेला, बदला.

तुम्ही तोच कोड बघून म्हणालात, "हवा कमी पडतेय एवढंच हा सांगतो. कुठं कमी पडतेय ते आपण शोधायचं."

इंजिन थंड होऊ दिलंत. मग टर्बोच्या तोंडचा पाइप काढून हवा दाबणारं कंप्रेसरचं चाक मलाच बोटानं फिरवायला लावलंत. ते अलगद फिरलं, पाती कुठं घासली नाहीत. चाकाचा दांडा, म्हणजे शाफ्ट, आडवा किंचित हलला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही शांतपणे समजावलंत की तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तेव्हा एवढी ढिलाई असायचीच. पुढे-मागे हलला किंवा पाती बाहेरच्या कवचाला टेकली तर काळजी करायची. पाइपातला ओशटपणाही ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, येणारा. तेल साचलं असतं, निळा धूर असता, तर गोष्ट वेगळी होती.

व्हॅक्यूमच्या नळ्या बघितल्यात, टर्बोचा जोर कमी-जास्त करणाऱ्या ॲक्च्युएटरची दांडी सरकते का तेही. शेवटी गळती शोधायला इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत, धूर सोडलात. दोघं टॉर्च धरून वाकलो होतो. दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी होजच्या खालच्या अंगानं धुराची बारीक रेघ वर आली. वरून तो होज अगदी नवा वाटत होता. तुम्ही मुठीत दाबलात आणि भेग तोंडासारखी उघडली. ब्रॅकेटला घासून घासून रबर फाटलं होतं. जोर लावला की भरलेली हवा तिथून निसटायची, डिझेलला हवा पुरायची नाही, म्हणून काळा धूर. नवा टर्बो बसवला असता तरी गाडी तशीच राहिली असती!

एक होज, दोन क्लॅम्प. होज घासू नये म्हणून ब्रॅकेटही सरळ केलंत. मग त्याच चढावर गाडी नेऊन लॅपटॉपवर इंजिननं मागितलेलं आणि प्रत्यक्ष मिळालेलं हवेचं प्रेशर, दोन्ही रेघा बरोबरीनं चढताना मला दाखवल्यात.

मी काहीच विचारलं नसतं, तुम्ही टर्बो बदलला असता तरी मान डोलावली असती. तुम्ही अर्धा दिवस शोधण्यात घालवलात आणि त्याचीच मजुरी घेतलीत. दादा, मनापासून आभार.

आठवड्यानं क्लॅम्प पुन्हा आवळून घ्यायला या म्हणाला होतात. शनिवारी सकाळी गाडी घेऊन येतो.

आपला,
एक ग्राहक