कोंबडीच्या पोटातला जिवाणू शेतातही जाणार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सिन्नर तालुक्यात करारावर ब्रॉयलर वाढवतो. पिल्ले, खाद्य, औषधे कंपनीची. शेड, वीज आणि राबणे आमचे. बॅच निघाली की लिटर, म्हणजे शेडमधला विष्ठा मिसळलेला भुसा, द्राक्षबागेत, कांद्याच्या रानात खत म्हणून जाते. हे लिहायचे कारण तेच लिटर.

तंतुमय खाद्य पचवणारा, जनुक बदललेला जिवाणू कोंबडीला देण्याची कल्पना मला मनापासून पटते. कोंबडीला गायीसारखे रवंथाचे पोट नाही. खाल्लेले काही तासांत बाहेर पडते. म्हणून सारी भिस्त मका आणि सोयापेंडीवर. मका इथेनॉलकडे वळला तसा महागला. इथेनॉल कारखान्यातून निघणारा डीडीजीएस, म्हणजे धान्याचा वाळवलेला चोथा, स्वस्त पडतो, पण त्यात तंतू जास्त. तंतू पचावेत म्हणून खाद्यात विकरे (एन्झाइम) मिसळतात, मात्र गोळी खाद्य बनवताना वाफेच्या उष्णतेत त्यांची बरीच ताकद जाते. विकर आतड्यातच तयार झाले तर हा प्रश्न उरत नाही. तैवानच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्येच रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातल्या जंतूंची अशी विकरे बनवणारी जनुके लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूत घालून दाखवली.

पण त्याच वाफेत जिवाणूही मरेल, म्हणजे तो पाण्यातून द्यावा लागणार. आम्ही पाण्यात क्लोरीन टाकतो. ते थांबवायचे तर दुसऱ्या रोगजंतूंचे काय? याचे उत्तर प्रयोगशाळेत नाही, शेडमध्येच मिळेल.

त्याहून मोठी काळजी वेगळी. नवे जनुक बसले की नाही हे ओळखण्यासाठी सोबत प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुक घालण्याची पद्धत जुनी आहे. तसा जिवाणू विष्ठेतून लिटरमध्ये आणि तिथून मातीत गेला, तर ते जनुक दुसऱ्या जंतूंनी उचलायला वेळ लागत नाही. प्रतिरोधाच्या याच धास्तीने २०१९ मध्ये सरकारने जनावरांसाठी कोलिस्टिन हे प्रतिजैविक बंद केले. मागच्या दाराने तोच धोका आत येऊ नये.

१९८९ च्या नियमांनुसार जनुक बदललेल्या सूक्ष्मजीवांना केंद्राची परवानगी लागते. ती देताना असे खूणजनुक नसल्याची खात्री करावी आणि चाचणी कोंबडीच्या वजनापाशी न थांबवता लिटर व शेतातल्या मातीपर्यंत न्यावी. असा जिवाणू वापरला जाईल तिथे पोत्यावर, बाटलीवर मराठीत स्पष्ट छापावे. लिटर विकत घेणारा बागाईतदार मला विचारेल, तेव्हा मला खरे सांगता आले पाहिजे.

आपला,
एक कुक्कुटपालक, सिन्नर (जि. नाशिक)